तिघांचा फोटो

"तिघांचा नको," आई म्हणाली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिनं कुंपणापलीकडे हाक मारलीसुद्धा. "श्रीपतभाऊजी! अहो, घरात आहात का? फोटो काढायचाय!"

"आलो आलो वहिनी! कोट तेवढा घालतो!"

मी कॅमेरा पोटाशी धरून मटकन पायरीवर बसले. एप्रिलचं ऊन, तासगावचा उन्हाळा, वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि हा माणूस लोकरीचा कोट घालणार होता.

"आई, मला आपल्या तिघांचा फोटो पाहिजे. तू, अण्णा आणि मी. बस्स. त्यात चौथं माणूस नको."

"तीन तिगाडा, काम बिगाडा. तिघांचा फोटो काढला की त्यातलं एक जातं. तुला चालेल?"

"कोण गेलंय आजवर?"

"काढलाच नाही, तर जाईल कसं?"

कचेरीत तालुक्याच्या अर्जांना उत्तरं देणारे आमचे अण्णासुद्धा ह्यावर गप्प बसायचे. त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ दे. पण मला जाऊ द्यायचं नव्हतं. मला टेलिफोन खात्यात नोकरी लागली होती आणि नेमणूक निघाली होती थेट चंद्रपूरला. मी एकुलती एक. आयुष्यात कधी मिरजेपलीकडं एकटी गेले नव्हते. तिथं हॉस्टेलच्या भिंतीवर लावायला मला माझ्या घराचा एक फोटो हवा होता, आणि घर म्हणजे आम्ही तिघं. एवढीशी मागणी, पण आमच्या घरात असा एक फोटो नव्हता!

तसे फोटो ढीगभर होते. मी पाळण्यात असतानाचा, शाळेत पहिली आले तेव्हाचा, अण्णांनी सायकल घेतली तेव्हाचा. प्रत्येकात आम्ही तिघं आणि कडेला श्रीपतकाका मगदूम. काका आमच्या शेजारी एकटे राहायचे, बेदाण्याच्या गोदामात वजनकाट्यावर काम करायचे. ऐन विशीत त्यांचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. लग्नासाठी शिवलेला वांगी रंगाचा कोट मात्र राहिला, आणि तो कोट जगात फक्त आमच्या फोटोंसाठी बाहेर निघायचा. एकदा आम्ही जोतिबाला गेलो तेव्हा काका तापानं घरी होते. आईनं डोंगरावर एका नारळवाल्याला धरून आणून फोटोत उभा केला. तो फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला होता. पाहुणे विचारायचे, "हे आपले कोण?" आई शांतपणे सांगायची, "नारळवाले."

तर काका आले. कोट, मानेवर पावडरचा थर, केसांना पाणी. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "अण्णा, मी कडंला उभा ऱ्हाऊ?"

ते दरवेळी हेच विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता कडेलाच उभे राहायचे. मी कॅमेरा स्टुलावर ठेवला, आपोआप फोटो निघायची कळ ओढली, कर्रर्र असा आवाज सुरू झाला, पळत जाऊन उभी राहिले. खट्. झाला फोटो.

ह्या कॅमेऱ्याचं थोडं सांगायला हवं. पुण्याच्या आतोबांनी नवा घेतला तेव्हा त्यांचा जुना मला दिला होता. आत रोल घालायचा कसा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते शिकवलं मोहिनी स्टुडिओच्या बागवानचाचांनी. चाचा तोंडाचे फार फटकळ. कॅमेऱ्याच्या पुढच्या कड्यावर छोटी छोटी चित्रं होती. एक डोकं, मग दोन डोकी, मग घोळका, मग डोंगर. चाचा म्हणाले, "माणूस जवळ असेल तर डोकं. लांब असेल तर डोंगर. सूर्य तुझ्या पाठीला. बटण दाबताना श्वास रोखायचा. एवढं आलं की तुला सगळं आलं. नाही आलं तर रडायचं नाही."

मग मी जे दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. अण्णा दाढी करताना, दोरीवरचे पापड, मांजर, हंडे, भांडी घासताना आई. आई ओरडायची, "अगं भांडी घासताना काय फोटो काढतेस? लोक म्हणतील हिला दुसरं लुगडं नाही!" पहिला रोल धुऊन आला तेव्हा आईचे सगळे फोटो मानेखालचे निघाले. चाचांनी एकेक फोटो उजेडात धरून बघितला.

"पोरी, ही बाई कोण ते साडीवरून ओळखायचं का?"

"आई आहे माझी."

"तोंड घरी ठेवून आली होती काय?"

एवढं सगळं शिकून त्या दिवशी चौघांच्या फोटोला मी कडं फिरवायलाच विसरले. आदल्या दिवशी देवळाचं शिखर टिपलं होतं, तेव्हापासून कडं डोंगराच्या चित्रावरच राहिलं. परसातल्या भिंतीमागचा लांबचा विटांचा भट्टा एकेका विटेसकट झकास आला आणि पुढं आम्ही चौघं धुरकट. आईचं नाक कुठलं आणि अण्णांचं कुठलं ते कळेना. काकांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"माझा कोट आलाय न्हवं?"

"आलाय काका. पण धुरात."

"असू दे. उन्हाळ्यात धूर हायच," ते म्हणाले. हा माणूस कशालाच कधी वाईट म्हणायचा नाही, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग यायचा.

चिडून मी घरी आले आणि ते मानेखालचे फोटो पुन्हा बघत बसले. बघता बघता डोक्यात लख्ख उजेड पडला. अरेच्चा! मी जर चुकून माणसाचं डोकं कापू शकते, तर ठरवून अख्खा माणूस का कापू शकणार नाही? काकांना बोलवू द्या आईला. कडेला उभे राहू द्या, ते स्वतःच राहतात. मी फोटोची चौकट अण्णांच्या खांद्यापाशी संपवणार. आई खूश, काका खूश, आणि मला माझे तिघं. काकांना म्हणायचं, काय करणार काका, कॅमेरा जुना आहे. मला ही युक्ती तेव्हा फार आवडली, आणि खरं सांगू, युक्ती म्हणून आजही आवडते.

मी तयारीला लागले. परसात चार घागरी ओळीनं मांडायच्या आणि चौथी बाहेर ठेवून फोटो काढायचा. शेजारची शेळी आणि तिची पिल्लं, त्यातलं कडेचं पिल्लू वगळायचं. घागरी स्वस्थ राहायच्या, पण वगळलेलं पिल्लू नेमकं पुढं येऊन कॅमेरा चाटायचं. तरी सराव झाला. चाचांनी तो रोल धुतला आणि मला सगळ्या दुकानासमोर विचारलं, "हे काय, भांड्यांचं दुकान काढतेस?"

पण घागर चौकटीबाहेर होती! मला आणखी काय पाहिजे होतं?

रविवारी सकाळी मी जाहीर केलं, "आज चौघांचा फोटो." आईनं माझ्याकडं जरा संशयानंच बघितलं. चोराच्या मनात चांदणं, मी लगेच म्हणाले, "तूच म्हणतेस ना चौघं पाहिजेत म्हणून?"

काका आले. कोट, पावडर, पाणी. मी खडूनं फरशीवर चार फुल्या काढून ठेवल्या होत्या. आई, मग मी, मग अण्णा, आणि हातभर अंतर सोडून काका.

"मला एवढं लांब?" काका म्हणाले.

"काका, तुम्ही उंच आहात. लांबून बरं दिसतं."

"बरोबर, बरोबर," म्हणून ते उभे राहिले.

स्टूल बुटकं पडत होतं म्हणून मी त्यावर गव्हाचा पत्र्याचा डबा ठेवला आणि डब्याच्या झाकणावर कॅमेरा. डोळा लावून बघितलं. आई, माझी रिकामी जागा, अण्णा, आणि अण्णांच्या खांद्याला चौकट खलास. वा! कडं फिरवून घोळक्यावर आणलं. मग मी सगळ्यांना दम भरला.

"ऐका. कळ ओढली की कुणी हलायचं नाही. मागच्या वेळी अण्णांनी मान खाजवली. ह्या वेळी जो हलेल त्याच्यामुळं फोटो बिघडला असं मी जन्मभर म्हणेन. माशी बसली तरी हलायचं नाही."

"शिंक आली तर?" अण्णा म्हणाले.

"गिळायची."

कळ ओढली. कर्रर्र सुरू झालं. मी धावत जाऊन माझ्या फुलीवर उभी राहिले, हसले, श्वास रोखला. आणि समोर बघते तर काय, कॅमेरा फिरतोय! झाकण गुळगुळीत, कळीची थरथर, आणि तो शहाणा सावकाश, अगदी सावकाश, त्या झाकणावर वळायला लागलेला.

"वृंदे," काका दात न उघडता म्हणाले, "त्ये फिरतंय."

"हलू नका!" मीसुद्धा दात न उघडता.

"अगं पण ते माझ्यावरून गेलं," आई ओठ न हलवता म्हणाली.

"आई, गप्प! हलू नका!"

"आता माझ्यावर आलंय," अण्णा पुटपुटले. "आता गेलं."

कॅमेऱ्याचं भिंग आम्हाला एकेक करून सोडून चाललं होतं आणि आम्ही तिघं पुतळ्यासारखे हसत उभे. जाऊन तो धरावा तर हलू नका असं मीच बजावलेलं. शेवटी माझ्यानं राहवेना. मी धावले, आणि नेमकं तेव्हाच खट्. मागं काका एकटेच श्वास रोखून, छाती काढून उभे होते.

"आता सोडू का श्वास?" त्यांनी विचारलं.

चाचांनी तो फोटो दोन बोटांत धरून माझ्यापुढं नाचवला. "पोरी, शाब्बास! असा फोटो माझ्या स्टुडिओत निघत नाही."

मधोमध काका. पायापासून डोक्यापर्यंत अख्खे, लख्ख. कोटाचं एकेक बटण मोजून घ्यावं असं. तोंडावर सकाळचं ऊन, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही यावं. डाव्या कडेला अण्णांचं एक कोपर आणि हवेत उडालेली माझी वेणी. आईचा तर पदरसुद्धा नव्हता.

"हे कोपर कुणाचं?" चाचा म्हणाले. "नको असेल तर कापून टाकतो."

मी रडत घरी आले. चंद्रपूरला जायचे दिवस जवळ आलेले, आणि ज्याला वगळायला एवढा खटाटोप केला त्याचाच फोटो एकट्याचा निघाला! अण्णा फोटो बघून हसता हसता खाली बसले. आईही हसली, मग तोच फोटो घेऊन कुंपणापाशी गेली. "भाऊजी, बघा तरी तुम्ही काय दिसताय!"

काकांनी फोटो हातात घेतला आणि त्यावरून हलकेच अंगठा फिरवला. मला वाटलं, आता कोटाचं विचारणार. ते म्हणाले, "माझा एकट्याचा फोटो म्हणून कधी निघालाच नव्हता बघा." मग पुन्हा बघितलं. "आणि तुम्ही कुठं हाय यात?"

"आम्ही नाही आलो," मी म्हणाले. रडून माझं नाक लाल झालेलं होतं.

काकांनी माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे माझ्यापायी पोरीचा फोटो गेला. एवढ्या लांब चालली, आणि मी मधी उभा." त्यांनी फोटो आईला परत दिला. "वहिनी, ते तिघांचं काय खरं नसतंय. आता तुम्ही तिघंच काढा. मी न्हाई येत."

"अहो भाऊजी—"

"न्हाई वहिनी. न्हाई म्हणजे न्हाई." आणि ते दार लावून आत गेले. काकांनी भरदिवसा दार लावलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

झालं की माझ्या मनासारखं! मी कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरात गेले. "चल आई. आता काकाच म्हणालेत. आपण तिघं."

आई कणीक मळत होती. तिनं परातीत अशी मूठ हाणली की पाण्याचं भांडं उडालं.

"अक्कल आहे का तुला?"

"मी काय केलं? खुळचट समजूत तुझी!"

"माझी कुठली समजूत? मी मानते का तसलं काही? शनिवारी नखं काढते मी, अमावास्येला तुझ्या आजीच्या नाकावर टिच्चून प्रवास केलाय. तिघांचा फोटो म्हणे!"

"मग इतकी वर्षं?"

आईनं हाताची कणीक काढली. आवाज खाली आणला, कारण आमचं स्वयंपाकघर कुंपणाला लागून होतं.

"त्या माणसाला नुसतं या म्हटलं तर येतो का तो? पाडव्याला जेवायला बोलावलं तर म्हणतो, पोट बिघडलंय. दिवाळीला म्हणतो, गोदामात काम आहे. गोदाम बंद असतं दिवाळीत! लोकांच्या घरात आपण कशाला, असा स्वभाव. तू पाळण्यात होतीस तेव्हा सहज म्हणून गेले, भाऊजी, तिघांचा फोटो चांगला नसतो, चौथं माणूस हवंय, येता का? तर कोट घालून धावत आले. त्यांना वाटतं, ते आपल्यावर उपकार करतात. मग कुणाच्या घरी यायला माणसाला लाज वाटत नाही."

"आणि नारळवाला?"

"मग काय करणार? तिघांचा फोटो भिंतीवर लावला असता तर भाऊजींना कळलं नसतं का? मेल्यानं दोन नारळ घ्यायला लावले मला."

अण्णा दारात उभे होते. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "नारळवाला फोटोत येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं." मला हसू आलं, आणि हसता हसताच पुन्हा रडू आलं, कारण पलीकडं काकांचं दार अजून बंद होतं.

त्यानंतर काका आमच्याकडं आलेच नाहीत. आईनं दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा गोदामात काम निघालं. कॅमेरा फळीवर पडून राहिला. मीही नाव काढलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी मात्र ते आले. ट्रंक उचलायला. अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल. अण्णांच्या पाठीत उसण भरायची, म्हणून ओझं उचलायला काका हा आमच्याकडचा जुनाच शिरस्ता होता. ट्रंक त्यांनी खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चला, गाडी चुकंल."

"थांबा," आई म्हणाली. ती आत जाऊन कॅमेरा घेऊन आली. मला वाटलं माझ्या हातात देईल. पण तिनं तो स्वतःच उलटासुलटा करून बघायला सुरुवात केली. "भाऊजी, ट्रंक ठेवा खाली. उभे राहा. तुम्ही तिघं उभे राहा."

"आई, अगं," मी म्हणाले, "तिघं होतात."

"तू मोजायला बसू नको."

काका दोन पावलं मागं सरले. "वहिनी, मी काढतो. तुम्ही उभ्या ऱ्हावा. तुमच्या तिघांचा हवाय तिला."

"तुम्हाला येतो का काढता?"

"न्हाई."

"मलाही येत नाही. म्हणून मीच काढणार."

"अवो पण माझ्या अंगात कोट न्हाई!"

"बिनकोटाचे उभे राहा. घरातच आहात," आई म्हणाली.

मग काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं, तो नीट घडी करून खांद्यावर टाकला, आणि कडेला जायला निघाले. मी त्यांचा दंड धरला आणि त्यांना मधे ओढलं. एका बाजूला अण्णा, एका बाजूला मी. काका अंग चोरून उभे होते, इतके की अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला तेव्हा ते दचकले.

"कडं फिरव, आई. घोळका. आणि सूर्य पाठीला घे!"

"शहाणपणा नको शिकवू. कुठलं दाबायचं?"

"वरचं."

"हे?"

खट्. तिनं आम्हाला सांगायच्या आतच काढून टाकला.

उरलेला रोल अण्णांनी हौसेनं संपवला, त्यामुळं फोटो चंद्रपूरला यायला बरेच दिवस गेले. तोवर मी हॉस्टेलात रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची आणि सकाळी हेडफोन लावून गोड आवाजात "नंबर प्लीज" म्हणायची. माझ्या खोलीत वरोऱ्याची पुष्पा ढुमणे होती. पाकीट तिनंच फोडलं, मला विचारायची पद्धत तिच्याकडं नव्हती.

फोटो तिरका आला होता. मी काहीतरी बोलत होते त्यामुळं माझं तोंड उघडं, अण्णांचे डोळे मिटलेले. मधे काका, बंडीवर, हसत. आणि उजवीकडचा सगळा वरचा कोपरा काहीतरी जाडजूड, गोल, धुरकट अशानं व्यापलेला. भिंगावर बोट आलेलं होतं. आईनं फोटो काढताना बोट कुठं ठेवलं होतं ते तिला स्वतःलाही कळलं नसणार.

मी तो फोटो भिंतीला चिकटवला. पुष्पा कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"हे तुये बाबा?"

"हो."

"अन् हे मधातले?"

"आमचे काका."

"अन् हे काय होय वं, एवढं मोठं? बोट होय काय?"

"आई आहे."

पुष्पानं फोटोला नाक लावून ते बोट नीट निरखलं, मग माझ्याकडं वळून विचारलं, "म्हंजे घरी किती जनं तुमी?"

"चार," मी म्हणाले.